दादा कोंडक्यांवर भांडायचंच असेल तर नीट भांडूया

८ ऑगस्टला जयंती आणि १४ मार्चला पुण्यतिथी, म्हणजे दादा कोंडक्यांवरून वर्षातून दोनदा भांडण ठरलेलं. एक पार्टी म्हणते अश्लील माणूस, डबल मिनिंगवर पोट भरलं, मराठी सिनेमाची अब्रू घालवली. दुसरी पार्टी लगेच गिनीज बुक काढते, नऊ पिक्चरनी सिल्व्हर ज्युबिली केली, तुमच्या कुठल्या हिरोनं केली ते सांगा, आणि वर शेवटचं हुकमी पान, "तुम्ही सदाशिव पेठी, तुम्हाला काय घंटा कळणार." इथं चर्चा संपते. यंदा तर हे भांडण आमच्या कोथरूडच्या सोसायटीत गणपतीच्या मीटिंगला झालं. पोरांना वीस मिनिटांचं लोकनाट्य बसवायचं होतं, गण म्हणजे सुरुवातीचं गणपतीचं नमन, छोटी गवळण आणि सोसायटीच्या पाणीटंचाईवर बतावणी. एक काका म्हणाले, "ते दादा कोंडके टाइप नको रे बाबांनो, घरातली मंडळी असतात." त्यावर एक पोरगा म्हणाला, "काका, मागच्या वर्षी ऑर्केस्ट्राला आयटम साँग झालं तेव्हा तुम्ही पहिल्या रांगेत होतात की." हशा झाला, काका चिडले, आणि शेवटी ठरलं काय तर जादूचे प्रयोग.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे खाली कोणाचा गैरसमज नको. दादा अश्लील होते की ग्रेट होते हा प्रश्नच आळशी आहे. लिहिणारा, गाणारा, आयत्या वेळी स्टेजवर रचणारा विनोदी कलावंत म्हणून त्यांचं काम कसं होतं, कुठं उत्तम होतं आणि कुठं पडलं, हे आपण कधी बघितलंच नाही, कारण आपल्याकडे विनोदी आणि त्यात गाण्यांचं लिहिणाऱ्याला लेखक म्हणायची पद्धतच नाही. आणि ज्या लोकनाट्यातून ते आले ते सरकारी, विद्यापीठाच्या, महापालिकेच्या पैशानं जपलं आणि शिकवलं पाहिजे, त्यातल्या वाह्यात भागासकट आणि त्यावरच्या टीकेसकट. धुऊन-पुसून नको.

आता आधी हे बघा की माणूस आला कुठून. जन्म १९३२ चा, मुंबईत नायगावला, गिरणगावात, पण घराणं मूळचं भोरजवळच्या इंगवलीचं, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातलं. आणि तयार झाला कुठं? राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात. हे वाक्य मी मुद्दाम दोनदा लिहिणार होतो. सेवा दल म्हणजे साने गुरुजींचा वारसा सांगणारी मंडळी, पर्वती पायथ्याला अजून स्मारक आहे, तिथं शिबिरं भरतात. त्याच कलापथकांतून नीळू फुले आले, जे वानवडीच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात माळीकाम करायचे, त्याच पठडीतून राम नगरकर आले. पु. ल. देशपांड्यांनी 'पुढारी पाहिजे' लिहिलं ते ह्याच कलापथकासाठी. म्हणजे समाजवादी लोकांनी तमाशाचा साचा उचलला, गण-गवळण-बतावणी आणि शेवटी वग, म्हणजे गोष्ट सांगणारं नाटक, आणि त्यात राजकारण भरून गावोगाव नेला. तेव्हा दादा हा कुठल्यातरी अंधाऱ्या बोळातून येऊन संस्कृती बिघडवणारा माणूस होता ही जी कथा सांगतात ती पहिल्याच पायरीवर कोसळते. तो एका वैचारिक चळवळीच्या सांस्कृतिक शाळेचा विद्यार्थी होता. चांगला निघाला की वांड निघाला ह्यावर वाद घाला, शाळा कुठली ते तरी मान्य करा.

मग 'विच्छा माझी पुरी करा'. लेखक वसंत सबनीस. राज्यातला कोतवाल मरतो, जागा खरी हवालदाराला मिळायला हवी, पण वशिला आडवा येतो आणि भलताच कोतवाल बसतो. मग हवालदार आणि मैनावती मिळून त्या नव्या कोतवालाचा असा काही कार्यक्रम करतात की विचारू नका. साधी गोष्ट. पण साठच्या दशकात महाराष्ट्रात वशिला, बदल्या, मंत्र्याचे नातेवाईक हे घराघरातलं दुखणं होतं आणि ते राजाच्या दरबारात नेऊन ठेवलं की वाटेल ते बोलता येतं, ही सोय वगात जुनीच आहे. दादा हवालदार करायचे आणि प्रयोग दीड हजाराच्या पुढं गेले. ह्या प्रयोगांची गंमत अशी की छापलेलं पुस्तक वाचलं तर हातात निम्माच माल येतो. उरलेला निम्मा त्या रात्रीचा होता, त्या गावचा होता, सकाळच्या पेपरातला होता. एखाद्या गावचा रस्ता उखडलेला असेल तर तो दरबारात यायचा, पहिल्या रांगेतला पुढारी उशिरा आला तर राजा थांबून त्याला मुजरा करायचा. ही आयत्या वेळची रचना म्हणजेसुद्धा लेखन आहे हे आपण मान्य करत नाही. कीर्तनकारानं उत्तररंगात आजचा दाखला दिला की आपण त्याला व्युत्पन्न म्हणतो, सोंगाड्यानं दिला की पाचकळपणा!

ज्यांनी तमाशा फक्त रीलमध्ये बघितलाय त्यांच्यासाठी जरा जवळून सांगतो. गण झाला की गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, पुढं मावशी, म्हणजे लुगडं नेसलेला पुरुष, आणि वाटेत कृष्ण नि पेंद्या अडवतात. मग बतावणी. दोन माणसं समोरासमोर, एक शहाणा आणि एक सोंगाड्या. शहाणा सरळ वाक्य बोलतो, सोंगाड्या त्याचा भलताच अर्थ घेतो, पण मनापासून घेतो, खोटं नाही. शहाणा चिडून पुन्हा सांगतो, सोंगाड्या आणखी भलतीकडे जातो, आणि तिसऱ्या वेळी वाक्य पडलं की ढोलकीवाला थाप मारतो. ती थाप अर्धा क्षण आधी पडली तर हशा मरतो आणि उशिरा पडली तरी मरतो, म्हणून ढोलकीवाल्याचं लक्ष सोंगाड्याच्या खांद्याकडे असतं, वाक्य टाकायच्या आधी खांदा जरासा उचलला जातो. मागं तुणतुणं आणि झांज घेऊन उभे असलेले झीलकरी मध्येच "काय सांगतोस" म्हणून विचारतात ते उगाच नसतं, त्या "काय सांगतोस" मध्ये सोंगाड्याला पुढचं वाक्य सुचायला वेळ मिळतो. हे सगळं बसवायला किती रियाज लागतो ते एकदा करून बघा म्हणजे कळेल. बैठकीतला तबला आणि गायक ह्यांच्यावर आपल्याकडे पुस्तकं आहेत, ह्याच्यावर किती आहेत?

१९६९ ला 'तांबडी माती' आणि १९७१ ला 'सोंगाड्या'. सोंगाड्या म्हटलं की लोकांना दादरचं कोहिनूर थिएटर आणि शिवसेनेनं पिक्चर कसा लावायला लावला तीच स्टोरी आठवते, पिक्चर फार कोणी बघितलेला नसतो. बघा एकदा. लेखन पुन्हा सबनिसांचं. दादांचा नाम्या म्हणजे ढगळ अर्धी चड्डी आणि तिच्यातून खाली लोंबणारा नाडा. त्या नाड्यावर हसून झालं की जरा विचार करा, तो नाडा नुसता हसवायला नाही, तो माणूस लहान मूल आहे हे सांगायला आहे. अजून आईच्या धाकात असलेला, जगाचं काही न कळणारा बाप्या. तो जे बोलतो त्याचा दुसरा अर्थ त्याला माहीतच नाही, तो अर्थ प्रेक्षकाच्या डोक्यात तयार होतो. आणि प्रेक्षक हसतो तेव्हा तो स्वतःच्याच मनातल्या घाणीला हसत असतो, शेजारी बसलेल्या मेव्हण्याकडे चोरून बघत. म्हणून सेन्सॉरला पंचाईत व्हायची. कापायचं काय? वाक्यात तर काही नाही. हे जमायला भाषेवर भयंकर हुकमत लागते. बोली, गावाकडची म्हण, वाक्याचा तोल, कुठल्या शब्दाआधी थांबायचं, सगळं.

आता विरोधी बाजूचं जे खरंच वजनदार आहे ते घेतो, कारण दादांचे फॅन ते कधीच घेत नाहीत. पहिलं म्हणजे बायका. पिक्चरमागून पिक्चर बाई म्हणजे बघायची वस्तू, कॅमेरा कुठं जातो ते दिसतं, आणि हे आक्षेप घेणाऱ्या सगळ्या पेठेतल्या नाहीत, हडपसर-भोसरीच्या बायकासुद्धा हेच सांगतात की नवरा हसत होता आणि आम्ही पदर सावरत बसलो होतो. त्यांना "तुम्हाला विनोद कळत नाही" म्हणणं हा शुद्ध उद्धटपणा आहे. दुसरं, उतरण. १९७५ ला 'पांडू हवालदार' पासून दिग्दर्शनही त्यांच्याकडे आलं, निर्मिती होतीच, गाणी ते लिहीत होतेच, आणि पुढं ऐंशीच्या दशकात आणि नव्वदीत पिक्चरची नावंच जोक झाली, जोक पोस्टरवरच संपायचा, आत काही उरायचं नाही. नाम्याला दुसरा अर्थ कळत नव्हता, नंतरच्या हिरोला चांगला कळतो आणि तो प्रेक्षकाकडे बघून डोळा मारतो. तिथं कारागिरी गेली. हिंदीतले पिक्चर बघवत नाहीत, मला तरी बघवत नाहीत. तिसरं, गिनीज बुक. खूप लोकांनी बघितलं म्हणून चांगलं, हे लॉजिक लावायचं तर उद्या वडापाव हे महाराष्ट्राचं सर्वोच्च पक्वान्न ठरेल. पंचवीस आठवडे हा धंद्याचा पुरावा आहे, तेवढाच.

हे सगळं मान्य. पण ह्यातून "म्हणून हे दूर ठेवा" हे कसं निघतं? उलट ह्यातूनच निघतं की हा माणूस अभ्यासाला घ्या, कारण एकाच कारकिर्दीत द्व्यर्थी विनोद कधी कला असतो आणि कधी नुसती सवय होते हे दोन्ही दिसतंय. आणि कारणही दिसतंय माझ्या मते. स्टेजवर त्यांच्यासमोर दोन लगाम होते, सबनिसांसारखा लेखक आणि समोरचं पब्लिक. पब्लिक म्हणजे फक्त टाळ्या वाजवणारं नाही, ते गप्पही बसतं, आणि जत्रेतलं पब्लिक गप्प बसलं की सोंगाड्याला तिथल्या तिथं कळतं की इथं जास्त झालं, तो वळण घेतो. सिनेमात हा लगाम नाही, सिनेमात हाऊसफुल्लचा बोर्ड दिसतो, कुठल्या वाक्याला बायका उठून गेल्या ते दिसत नाही. मालक, दिग्दर्शक, गीतकार आणि हिरो एकच माणूस झाल्यावर त्याला नको कोण म्हणणार? हे दादांचंच झालं असं नाही, हे आपल्याकडे अनेक मोठ्या मोठ्या नटांचं झालंय, नावं घेत नाही.

आता दुसऱ्या पार्टीकडे वळतो, म्हणजे जे प्रत्येक आक्षेपाला पेठेचं लेबल लावतात. बाबांनो, 'विच्छा' लिहिलं सबनिसांनी, ते सरकारी नोकरीतले पांढरपेशे लेखक. दादांचं नाटक बघून भालजी पेंढारकरांना सुचवलं आशा भोसल्यांनी, आणि भालजींनी त्यांना पडद्यावर आणलं. 'विच्छा' ला शहरातला पांढरपेशा वर्ग रांगा लावून जात होता. म्हणजे वरच्या वर्गानं दादांना वाळीत टाकलं ही गोष्ट अर्धवट आहे. खरी गोष्ट जास्त लबाड आहे, ह्या वर्गानं त्यांना मनसोक्त एन्जॉय केलं आणि यादीत नाव लिहायची वेळ आली की पेन खाली ठेवलं. ह्याचा सगळ्यात भारी पुरावा म्हणजे १९८८ चा 'अशी ही बनवाबनवी'. पुण्यातच घडतो, घराघरात पाठ आहे, तीन पिढ्या एकत्र बसून बघतात, आमचे वरचे काकासुद्धा. त्यात पुरुष लुगडी नेसतात, एक गरोदर असल्याचं नाटक करते म्हणजे करतो, आणि डबल मिनिंगचा विचाराल तर मोजायला बसा. पटकथा-संवाद कोणाचे? वसंत सबनिसांचे. तीच लेखणी, तीच मावशी फक्त भाड्याच्या घरात राहायला आलेली, आणि हा पिक्चर "निखळ कौटुंबिक मनोरंजन". हिरोनं चड्डीऐवजी पँट घातली की विनोद निखळ होतो काय?

ही युक्ती आपल्याकडे जुनी आहे. १९१६ चं 'संशयकल्लोळ' घ्या, गोविंद बल्लाळ देवलांचं, मूळ मोलिएरचं. नवरा-बायकोचा एकमेकांवर संशय, तसबिरीचा घोटाळा, एक शेठ आणि एका नायकिणीची मुलगी ह्यांचं प्रेम. विषय वगाला शोभेल असाच आहे, पण पदं रागदारीत आहेत म्हणून ते भरत नाट्य मंदिरात, आणि वग मात्र पालात. त्याच्याही मागं जा. उत्तर पेशवाईत पुण्यात लावणीला राजाश्रय होता, होनाजी बाळा, राम जोशी, प्रभाकर. होनाजीच्या शृंगारिक लावण्या चारचौघात म्हणायची आज कोणाची छाती नाही, पण 'घनश्याम सुंदरा' ही भूपाळी त्याचीच आणि ती मात्र देवघरात. दादांचंही हुबेहूब हेच. 'अंजनीच्या सुता' हे गाणं हनुमान जयंतीला पुण्यातल्या प्रत्येक मारुतीसमोर लागतं, डुल्या असो, जिलब्या असो, कुठला का असेना. १९७६ च्या 'तुमचं आमचं जमलं' मधलं आहे, लिहिलंय दादा कोंडक्यांनी, संगीत राम-लक्ष्मण, आवाज महेंद्र कपूरचा. लाऊडस्पीकरखाली हात जोडून उभ्या असलेल्या माणसाला हे सांगून बघा, त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. एकच माणूस दोन्ही लिहितो ह्यात शाहिरी परंपरेला काहीही विचित्र वाटत नव्हतं, विचित्र आपल्याला वाटतंय.

पठ्ठे बापूरावांचं तर सांगायलाच नको. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी, कुलकर्णी वतनाच्या घरातले, १८६६ चा जन्म, तमाशात गेले, पवळाबाईबरोबर फड गाजवला, ढिगानं लावण्या आणि वग लिहिले, आणि १९४५ ला पुण्यात हलाखीत गेले. जिवंतपणी जातीतून गेलेला माणूस, मेल्यावर शाहीर. स्वातंत्र्यानंतर पहिल्या काही वर्षांतच मुंबई सरकारनं तमाशावर बंदी आणली, मग बंदी उठली ती संहिता आधी तपासून घ्यायच्या अटीवर. हेतू चांगला होता म्हणतात, असेलही. पण जरा विचार करा, जी कला अर्धी आयत्या वेळी रचली जाते तिची संहिता आधी तपासायची म्हणजे तिचं काय होणार? आणि १९७२ चा डिसेंबर आठवा, 'घाशीराम कोतवाल' पहिल्यांदा उभं राहिलं तेही भरत नाट्यमध्येच. लोकनाट्याचाच साचा, नाच-गाणी, सूत्रधार, कीर्तन, लावणी. नाना फडणविसांची बदनामी झाली म्हणून एकोणीस प्रयोगांनंतर ते बसवणाऱ्या संस्थेनंच थांबवलं, मग थिएटर अकॅडमी निघाली आणि नाटक १९८० ला युरोपात गेलं. आज ते जगभर शिकवतात आणि शिकवायलाच पाहिजे. 'घाशीराम' आलं त्याच १९७२ साली दादांचा 'एकटा जीव सदाशिव' आला होता. दोन्हींच्या पायाखालची माती एकच, पण एकाची समीक्षा कपाटभर आणि दुसऱ्याच्या वाट्याला फक्त आठवणींचे किस्से.

इथं एक चांगला आक्षेप येतो आणि तो मला एका नाट्यवर्गाच्या ताईंनी तोंडावर टाकला होता, की अहो लोककला जपायची तर लावणी महोत्सव आहेत, बालगंधर्वला लावणीचे शो हाऊसफुल्ल जातात, विठाबाई नारायणगावकरांच्या नावानं राज्य सरकारचा पुरस्कार आहे, अजून काय पाहिजे? ताई, नेमकं हेच तर दुखणं आहे. जे टिकलंय ते गाणं आणि नाच. लेखन मेलंय. पाडव्याच्या सुमारास नारायणगावला जाऊन बघा, रस्त्याच्या कडेला फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात, बाहेर बोर्ड, आत खुर्ची-टेबल टाकून मॅनेजर डायरी उघडून बसलेला, गावोगावचे कारभारी जत्रेची सुपारी द्यायला आलेले. त्यांच्या बोलण्यात काय असतं? किती पोरी, कुठली गाणी, लायटिंग कसं. वग कुठला लावणार हा प्रश्न एखादा म्हातारा विचारतो आणि बाकीचे त्याच्याकडे बघतात. ह्याला एक अगदी कोरडं कारणही आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री १० नंतर स्पीकर बंद, वर्षातले पंधरा दिवस काय ती बारापर्यंत सूट. नियम बरोबर आहे, झोप सगळ्यांनाच लागते, माझी तक्रार नियमाबद्दल नाही. पण तमाशा हा रात्रभराचा खेळ, वग शेवटी, पहाटेपर्यंत चालायचा. वेळ कापली गेली की शेपटाकडून कापली जाते. गण उरकायचा, गवळण नावाला, बतावणी पाच मिनिटं, आणि पिक्चरच्या गाण्यांवर पब्लिक खूश. म्हणजे अश्लीलतेच्या नावानं आपण साठ-सत्तर वर्षं ओरडलो आणि उरलं काय, तर ज्याला आपण अश्लील म्हणत होतो तेवढंच उरलं, सत्तेची टिंगल करणारा, गोष्ट सांगणारा, वशिल्यावर बोलणारा भाग गेला. सगळा दोष वेळेचा नाही, टीव्ही आला, मोबाईल आला, फडमालकांना कर्ज झालं, पण जे जपायचं ठरवलं ते टिकलं आणि जे ठरवलं नाही ते गेलं, हे दिसतंय ना?

आणि बायकांच्या मुद्द्यावर परत येतो, तो मान्य करून पुढं पळालो असं कोणाला वाटायला नको. वगातली बाई आणि नंतरच्या पिक्चरमधली बाई ह्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'विच्छा' मधली मैनावती अख्खा डाव चालवते, कोतवालाला नाचवते, हवालदाराला अक्कल शिकवते. गवळणीतली राधा आणि मावशी कृष्णाला सुनावतात, देवाला! तमाशातली बाई सवालाला जवाब देणारी आहे, तिला तोंड आहे. कॅमेऱ्यानं तोंड काढून घेतलं आणि बाकीचं ठेवलं. म्हणून स्त्रीच्या बाजूनं बोलायचं असेल तर हा साचा पुन्हा लिहिणाऱ्या बायकांच्या हातात द्यायला पाहिजे, मावशीची भूमिका बाईनंच केली तर काय होईल, सोंगाड्या बाई असेल तर काय होईल, हे प्रयोग व्हायला पाहिजेत. आणि शालीनतेच्या मोहिमांनी तमाशातल्या बाईचं भलं झालं असंही कोणी सांगू नका. ज्या विठाबाईंच्या नावानं पुरस्कार देतो त्यांनी बाळंत होऊन परत स्टेज गाठल्याची गोष्ट आपण डोळ्यांत पाणी आणून सांगतो, आणि त्यांचे शेवटचे दिवस पैशाच्या ओढाताणीत गेले तेही आपल्याच महाराष्ट्रात.

"मग काय शाळेत दादा कोंडके लावणार का?" असं विचारतातच कोणीतरी, आवाज चढवून. शाळेत नाही लावणार. कॉलेजात लावणार. गणेशखिंडीत विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, लॉ कॉलेज रोडला फिल्म अर्काइव्ह आहे, म्हणजे नाटक शिकवणारी आणि रिळं जपणारी अशी दोन्ही घरं ह्याच गावात, रिक्षानं पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर. 'सोंगाड्या' आणि नव्वदीतला कुठलाही एक पिक्चर शेजारी शेजारी दाखवा आणि मुलामुलींना विचारा, इथं विनोद कोणावर होतोय, सोंगाड्यावर, पाटलावर, की समोरच्या बाईवर? एक तासाचा क्लास आहे, आणि त्यात अश्लीलतेची चर्चा आपल्या वार्षिक भांडणापेक्षा दहापट चांगली होईल. महापालिकेनं आपल्या नाट्यगृहांत महिन्यातून एक तारीख वगासाठी स्वस्तात राखून ठेवावी, लावणी शोला नाही, वगासाठी, अडीच तासांत बसणारा नवा वग लिहून आणायचा ही अट घालून. विषयांची काय कमी आहे, मेट्रोचे खड्डे आहेत, टेकड्या आहेत, पाण्याचे टँकर आहेत, कोतवाल तर पावलोपावली आहेत.

आणि घाईचं काम एकच. सिनेमा रिळात आहे, तो आज ना उद्या बघता येईल. पण जुन्नर, सांगली, नगर ह्या पट्ट्यात वय झालेले सोंगाडे आहेत ज्यांना शेकड्यानं बतावण्या तोंडपाठ आहेत आणि त्यातली एकही कागदावर नाही. त्यांना बोलवा, मानधन नीट द्या, शाल-नारळ पुरे झाले, आणि रेकॉर्डिंग करा. फक्त रिकाम्या स्टुडिओत माईकसमोर बसवू नका, त्यातून काही येणार नाही. ढोलकीवाला त्यांचा त्यांना आणू दे, झीलकरी उभे करा, आणि समोर दीडशे-दोनशे माणसं बसवा, त्यात बायका पाहिजेत, म्हाताऱ्या पाहिजेत, आणि पहिल्या रांगेत एखादा नगरसेवक असला तर फारच उत्तम.